सगळ्यांना मिलिटरी सक्तीची करा म्हणणाऱ्यांनी आधी जरा हिशोब करावा

आकडेमोड:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला एक फॉरवर्ड येतोच येतो, की इस्रायलसारखी आपल्याकडे पण प्रत्येक पोराला दोन वर्षं मिलिटरी सक्तीची करा मग बघा देश कसा सरळ होतो ते. खाली तिरंगे आणि अंगठे. यंदा मी तिथे एक साधा हिशोब टाकला तर मला थेट देशद्रोही ठरवून झालं, म्हणून इथे मांडतोय.

आपल्याकडे दर वर्षी अठराची होणारी मुलं-मुली मिळून दोन कोटींच्या वर आहेत. दोन वर्षं सेवा म्हटली की कुठल्याही वेळी चार कोटी लोक वर्दीत. आत्ता तिन्ही दलं मिळून आपली संख्या चौदा लाखांच्या आसपास आहे. आता या चार कोटींना पगार नको, नुसता महिना १०,००० हातखर्च द्या, तरी वर्षाला ४ लाख ८० हजार कोटी होतात. २०२५-२६ चं सगळं संरक्षण बजेट, पगार, पेन्शन, विमानं, तोफा, सगळं धरून, ६ लाख ८१ हजार कोटी आहे. अजून जेवण, बूट, बराक, दवाखाना, शिकवणारे उस्ताद काहीच धरलं नाहीये. मुली वगळा, निम्मं करा, अर्धे मेडिकलला उडवा, तरी आकडा आवाक्यात येत नाही.

बोला आता.

बोरिवली_फास्ट:
प्रत्येक गोष्टीत पैसा पैसा काय करायचं? शिस्त नावाची काही चीज आहे की नाही. आजची पोरं सकाळी अकराला उठतात, मोबाईल हातात, आईला पाण्याचा ग्लास देत नाहीत. दोन वर्षं पाठवा सरळ होतील. इस्रायल एवढासा देश, बघा कसा ताठ उभाय.

नगरी_नंदू:
आकडेमोड यांचा हिशोब बरोबर असेल पण त्यांनी सगळ्यात सोपा मुद्दा धरलाय असं मला वाटतं. चार कोटी एकदम घ्या असं कोण शहाणा म्हणेल? मी सक्तीच्या बाजूचा आहे पण शिस्तबिस्त माझं कारण नाही. माझं म्हणणं असं की आज सीमेवर कोण आहे बघा, शेतकऱ्याची पोरं, कोरडवाहू भागातली, आणि युद्ध करा युद्ध करा म्हणून टीव्हीसमोर ओरडणारे कोण तर ज्यांच्या घरातलं गेल्या तीन पिढ्यांत कुणी गेलं नाही ते. आमदाराचा पोरगा, बिल्डरचा पोरगा आणि रिक्षावाल्याचा पोरगा एका बराकीत झोपले तर युद्धाचा निर्णय घेताना लोक दहा वेळा विचार करतील. एवढंच.

आणि छोटा देश म्हणून हसू नका. फिनलंड बघा, लोकसंख्या छप्पन लाख, म्हणजे आपल्या पुण्याएवढी पण नाही धड, पण रशियाला लागून तेराशे किलोमीटरची सीमा. पोरांना साडेपाच महिने ते साडेअकरा महिने सेवा, मग घरी, मग राखीव दल. वेळ आली तर दोन लाख ऐंशी हजार लोक उभे करतात. म्हणजे सगळ्यांना कायम पोसत बसायचं नसतं, शिकवून सोडून द्यायचं असतं.

माणदेशी_माणूस:
नंदूभाऊ मुद्दा पटला पण एक सांगू का, आमच्याकडं उलटंच चाललंय. आमच्या तालुक्यात पहाटे साडेचारला रस्त्यावर या, पोरांच्या रांगा पळत असतात. अकॅडम्या निघाल्यात गल्लोगल्ली, खाणं-राहणं धरून महिन्याला पाच-सात हजार घेतात, बापानं म्हैस विकून भरलेले. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारायचं, बीमला दहा पुल-अप, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, मेडिकल, आणि आता तर २०२३ पासून आधी ऑनलाईन परीक्षा, मग ग्राउंड. कोरोनात दोन वर्षं भरतीच बंद, त्यात आमच्या वाडीतली किती पोरं एजबार झाली, २०२२ ला वय तेवीसपर्यंत वाढवलं पण ते त्या एकाच सालापुरतं. त्या पहिल्या साली देशभरातून ४६ हजार अग्निवीर घेतले. सेहेचाळीस हजार! ग्राउंडला उतरणारी पोरं लाखांत.

मग ज्यांना जायचंय त्यांना जागा नाही आणि ज्यांना जायचं नाही त्यांना सक्ती करा म्हणताय. ह्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

बोरिवली_फास्ट:
दोन्ही करा.

आकडेमोड:
कुठल्या पैशात?

सुभेदारांचा_बाळू:
मी स्वतः मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो, हवालदार म्हणून पेन्शन आलो, वडील सुभेदार होते. बोलायला पाहिजे म्हणून बोलतो.

रंगरूट बेळगावला सेंटरला येतो तेव्हा त्याला काही येत नसतं, त्याचं काही वाटत नाही, शिकवलं की येतं. पण न येण्याची इच्छा असलेला रंगरूट घेऊन काय करायचं ते मला कुणी सांगा. आमच्यात दहा जणांचं सेक्शन असतं. रात्री पेट्रोलला म्हणजे गस्तीला निघालो तर माझ्या मागं कोण चालतंय यावर माझा जीव. तो जबरदस्तीनं आणलेला, महिने मोजत बसलेला असेल तर मला तो नको, मी नऊ जण घेऊन जाईन. आणि दोन वर्षांत होतं काय? पहिलं वर्ष तो स्वतःला सांभाळायला शिकतो, दुसऱ्या वर्षी कुठं हत्यार, रेडिओ, जमीन वाचणं हातात बसायला लागतं, तेवढ्यात त्याची सुट्टीची वेळ. मग पुन्हा नवीन. आमचे उस्ताद आयुष्यभर नुसतं लेफ्ट राईटच शिकवणार. अग्निवीरचे चार वर्ष तरी कमी आहेत अशी आमच्यातल्या पुष्कळांची तक्रार आहे, तुम्ही दोनवर आणताय.

शिस्त लावायची असेल तर शाळा आहे, आई-बाप आहेत. फौज तुमच्या पोराला सकाळी उठवायला नाही.

कडक_चहा:
हवालदार साहेब, दंडवत. शेवटचं वाक्य फ्रेम करून आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लावतो.

अनघा_सिंगापूर:
मी सहसा लिहीत नाही पण या विषयावर लिहायलाच हवं, कारण आमच्या घरात हे प्रत्यक्ष चाललंय. आम्ही बरीच वर्षं इथे आहोत, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी आहोत. इथला नियम असा की बाप पीआर झाला तर त्याला एनएस म्हणजे नॅशनल सर्व्हिस माफ, पण त्याच्यामुळे पीआर मिळालेल्या मुलाला लागू. साडेसोळाला रजिस्ट्रेशनचं पत्र, अठराच्या पुढेमागे भरती, पूर्ण दोन वर्षं. आर्मी, पोलीस किंवा सिव्हिल डिफेन्स म्हणजे अग्निशमन वगैरे, कुठे टाकायचं ते ते ठरवतात. त्यानंतर सुटका नाहीच, चाळिशीपर्यंत, ऑफिसर असेल तर पन्नाशीपर्यंत दर वर्षी बोलावणं येऊ शकतं, वर्षाला चाळीस दिवसांपर्यंत, आणि फिटनेस टेस्ट. गेला नाही तर दंड आणि तीन वर्षांपर्यंत जेल. तेराच्या पुढच्या मुलाला जास्त काळ परदेशात ठेवायचं तर एक्झिट परमिट, बऱ्याच केसमध्ये ७५ हजार डॉलरपासून पुढे बाँड. मुलगा लहान असताना कागदावर सही करताना हे सगळं पुढचं पुढे बघू वाटतं. ते पुढे आता आलंय.

आता माझं मत, गोंधळलेलं आहे. माझ्या मैत्रिणीचा मुलगा करून आला. पहिल्या दिवशी आईवडिलांना पण बोटीने ट्रेनिंगच्या टेकाँग बेटावर नेतात, मुलाची खाट दाखवतात, तिथल्या कँटीनमध्ये जेवायला घालतात आणि मग परत पाठवतात, ती म्हणाली बोटीत सगळ्या आया शेजारच्या अनोळखी आयांशी गप्पा मारत होत्या, रडायचं नाही म्हणून. मुलगा बदलला का? हो. स्वयंपाकघरात भांडी घासतो. त्याच्या बंकमध्ये चिनी, मलय, तमिळ, एका मोठ्या डॉक्टरचा मुलगा आणि एक हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवाल्याचा, अजून भेटतात सगळे. नंदू म्हणतात ते इथे खरंच घडतं. पण त्याच्या वर्गातल्या मुली दोन वर्षं पुढे निघून गेल्या, नोकरीला लागल्या. आणि सिंगापूरने हे १९६७ मध्ये का सुरू केलं तर नुकतेच वेगळे झालेले, स्वतःचं सैन्य जवळपास नाहीच, लोकसंख्या वीस लाख. त्यांच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. भारताला ती अडचण कुठे आहे?

नगरी_नंदू:
अनघाताई, तुम्ही पीआर सोडला तर?

अनघा_सिंगापूर:
सोडता येतो, पण एनएस न करता सोडला तर त्या मुलाला पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं असेल तेव्हा ते बघतात, आणि आईवडिलांच्या अर्जावर पण परिणाम होऊ शकतो असं सरळ सांगतात. आमच्या ओळखीतली काही मराठी कुटुंबं मुलगा दहा-अकराचा झाला की ऑस्ट्रेलिया नाहीतर पुणे गाठतात. त्यांना नावं ठेवणार नाही मी, आमच्या घरात पण त्यावर रात्र रात्र बोलणं झालंय. मुलाला विचारलं तर तो म्हणतो माझे सगळे मित्र जाणारेत, मी पळून जाऊ का. त्याचं त्यानेच ठरवलं म्हणायचं.

अलिबागचा_पांढरा_कांदा:
इस्रायल इस्रायल करणाऱ्यांसाठी. आमच्या रेवदंड्याच्या बाजूची बेने इस्राएल मंडळी, तेल काढणारे शनिवार तेली म्हणायचे त्यांना, १९४८ नंतर बरीचशी तिकडे गेली. आमच्या आजोबांच्या शेजाऱ्यांचं कुटुंब पण गेलं, अजून फोनवर अस्सल आगरी वळणाचं मराठी बोलतात. त्यांच्याकडे मुलगा जातो, मुलगी पण जाते, मुलगी दोन वर्षं, मुलगा त्याहून जास्त. घरातल्या फोटोत सगळ्यांच्या खांद्यावर रायफल. पण त्यांचीच तक्रार ऐका, की आमची पोरं जातात आणि ते कट्टर धार्मिक हरेदी लोक यशिवात, म्हणजे धार्मिक पाठशाळेत, पोथ्या वाचतात म्हणून त्यांना माफ. हे भांडण तिकडे पंचाहत्तर वर्षं चालूय, शेवटी जून २०२४ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माफीला कायद्याचा आधार नाही, त्यांनाही घ्या. त्यावर सरकार पडायची वेळ येते तिकडे. अरब मुसलमान नागरिकांना सक्ती नाहीच, द्रुझ पंथाच्या पुरुषांना आहे. म्हणजे सगळे एका बराकीत वगैरे तिकडेही पूर्ण खरं नाही.

कडक_चहा:
आणि आपल्याकडे आल्यावर माफी कुणाकुणाला मिळेल याची यादी करा, तो धागा वेगळा काढावा लागेल. इलेक्शन ड्युटी आली की मास्तर लोक मणक्याची फाईल घेऊन कलेक्टर ऑफिसला जातात, इथे तर अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांना एका रात्रीत सपाट तळवे होतील. एजंट उभे राहतील. मेडिकल अनफिटचं रेट कार्ड निघेल. ज्याच्याकडे पैसे त्याचं पोर शिकायला कॅनडाला. राहिला कोण? तोच जो आत्ता पहाटे पळतोय.

आकडेमोड:
हे अमेरिकेत झालंय की. व्हिएतनामच्या वेळी कॉलेजात असलेल्याला सवलत, त्यामुळे खात्यापित्या घरची पोरं कॉलेजात बसली आणि गरीब गोरे, काळे तिकडे गेले. ओरड झाल्यावर १ डिसेंबर १९६९ ला चक्क जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या टीव्हीवर, पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९७३ ला सगळं बंदच केलं. नंदू, तुमचा समतेचा मुद्दा मला मनापासून आवडतो, पण कागदावर समता आणि चिठ्ठी काढताना समता यात फरक पडतो.

नगरी_नंदू:
मान्य की सवलती आल्या की वाट लागते. पण मग सवलती देऊ नका ना! कोरियाने बीटीएस बँडच्या पोरांना सुद्धा सोडलं नाही, जगभरच्या पोरी रडत होत्या, सातच्या सात गेले आणि करून आले.

चिंगीची_आई:
नंदूभाऊ आमच्या घरात रडली हो, कोरियन बॅरेकचा पत्ता शोधून पत्र पाठवायचं चाललेलं. 😄 पण त्यांच्याकडे पण एशियन गेम्समध्ये सोनं मिळवलं की सूट आहे, तो फुटबॉलवाला सन ह्युंग-मिन २०१८ ला जिंकला आणि तीन आठवड्यांवर सुटला. असो. मला विचारायचं होतं की या सगळ्यात मुली कुठे आहेत? सगळे "पोरगा पोरगा" म्हणताय. एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली बॅच २०२५ ला बाहेर पडली, म्हणजे लायकीचा प्रश्न संपला. नॉर्वेत मुलींना पण सक्ती आहे, डेन्मार्कने २०२५ पासून केली. सक्ती करायचीच तर दोघांना करा नाहीतर कुणालाच नको. आणि माझं मत कुणालाच नको.

वकिली_काळा_कोट:
कायद्याचं थोडं. घटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी करतं, पण त्याच कलमाचं दुसरं उपकलम म्हणतं की सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकतं, फक्त ती लादताना नुसत्या धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेदभाव करायचा नाही. त्या यादीत स्त्री-पुरुष हा शब्द नाही, म्हणजे चिंगीच्या आईंना कोर्टात जरा वेगळ्या कलमांवरून भांडावं लागेल. शिवाय ५१क मध्ये देशाचं रक्षण आणि हाक आल्यावर राष्ट्रसेवा हे मूलभूत कर्तव्य आहे, ते १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने आलं. थोडक्यात उद्या संसदेने कायदा केला तर घटना आडवी येईलच असं नाही. अडचण पैशाची आणि गरजेची आहे. २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेच शिफारस केली होती की ज्यांना राजपत्रित अधिकारी व्हायचंय त्यांना आधी पाच वर्षं सैन्यात सक्तीची करा, कारण सैन्यात ऑफिसर कमी पडतायत. शिफारस शिफारसच राहिली.

बोरिवली_फास्ट:
ही मात्र बेस्ट आयडिया. कलेक्टर व्हायचंय? आधी सियाचिन.

पेठेतला_जुना:
अहो आपल्याकडे हे एकदा करून झालंय, कुणाच्या लक्षात नाही का? १९५९ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या समितीने सुचवलं होतं की शाळा संपवून कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा सक्तीची करा. नुसती लष्करी नव्हे, कष्टाची कामं, समाजसेवा, शिस्त असं सगळं. पैशाअभावी बारगळलं. मग ६२ ला चीनने मार दिल्यावर ६३ पासून कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची केली. मी तेव्हा कॉलेजात होतो. अर्ध्या वर्गाला बूट मापाचे नाहीत, लाकडी बंदुका, एक शिकवणारा आणि समोर मैदानभर मुलं. हजेरीला एकाच्या नावाने दुसरा ओरडायचा, परेड संपल्यावरच्या नाश्त्याला मात्र सगळे खरे हजर. मला स्वतःला आवडायची परेड, मी पुढे सी सर्टिफिकेटपर्यंत गेलो, पण बाकीचे मास्तरांना शिव्या घालत उभे असायचे. पाच वर्षांत सरकारलाच कळलं, ६८ ला पुन्हा ऐच्छिक केली, आणि ६९ ला एनएसएस आणली. गंमत अशी की ऐच्छिक झाल्यावर एनसीसी सुधारली. ज्याला यायचंय तोच यायला लागला.

सुभेदारांचा_बाळू:
काकांनी बरोबर सांगितलं. आणि आमच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, दगड आहे तिथं इंग्रजांनी लावलेला. अजून घरटी माणूस फौजेत. तिथं कुणी कायदा केला नव्हता. पोटासाठी पण गेले आणि मानासाठी पण गेले, दोन्ही खरं.

म्युनिकचा_वडापाव:
जर्मनीचं अपडेट देतो, कारण इथे सध्या घरोघरी हाच विषय. २०११ ला यांनी सक्ती स्थगित केली होती. युक्रेननंतर आता नवीन कायदा आलाय, जानेवारी २०२६ पासून २००८ मध्ये आणि त्यानंतर जन्मलेल्या जर्मन मुलांना अठरा झाल्यावर प्रश्नावली येते, येणार का, फिटनेस काय, वगैरे. भरून देणं मुलांना सक्तीचं, मुलींना ऐच्छिक, जाणं मात्र सध्या दोघांनाही ऐच्छिक. ज्या मराठी कुटुंबांनी जर्मन पासपोर्ट घेतला त्यांच्या पोरांना पण पत्र येणार. परवा आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात दोन बाबा लोक ढोल सोडून कोपऱ्यात हेच बोलत होते. शाळेतली पोरं शाळा बुडवून मोर्चे काढतायत. इथे माणसं मिळत नाहीत म्हणून सगळा खटाटोप, हे लक्षात घ्या.

माणदेशी_माणूस:
तेच तर. तिकडं माणसं मिळंनात म्हणून कायदा. आपल्याकडं माणसं उभी हाईत आणि गेट बंद.

आकडेमोड:
मग मूळ प्रश्नाला येतो. शिस्त लागलेली, आज्ञाधारक, फिट पोरं हवीत म्हणून हे फॉरवर्ड फिरतात ना? तर तशी पोरं २०२६ च्या शेवटाला आपोआप बाहेर यायला लागणार आहेत. अग्निवीरची पहिली बॅच जानेवारी २०२३ च्या आसपास ट्रेनिंगला लागली, चार वर्षं संपली की शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकी घरी. पेन्शन नाही, हातात सेवानिधीचे साधारण ११ लाख ७१ हजार, त्यात निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. वय साडेएकवीस ते सत्तावीस. बोरिवली_फास्ट, तुमचं मागे कुठेतरी वर्कशॉप आहे म्हणालात. घेणार का?

बोरिवली_फास्ट:
घेऊ की. सिक्युरिटीला लागतातच.

माणदेशी_माणूस:
सिक्युरिटी. बघा. चार वर्षं सीमेवर काढून आल्यावर गेटवर वही घेऊन बसायचं, बारा तास, पंधरा हजारात. आमच्याकडं अग्निवीर म्हटलं की पोरीचे बाप आधी विचारतात चार वर्षांनंतर काय. त्याचं हेच उत्तर असंल तर सोयरीक कशी जमायची.

सुभेदारांचा_बाळू:
वर्कशॉपवाल्या साहेबांना एक सुचवतो. सिग्नलमधला पोरगा असेल तर वायरिंग, रेडिओ सगळं येतं. इएमईचा, म्हणजे फौजेच्या गाड्या-मशिनी दुरुस्त करणाऱ्या दलाचा असेल तर गाडीचं इंजिन उघडून परत बसवेल. गेटवर नका बसवू. आणि तुम्हाला स्वतःला फौजेची एवढी ओढ असेल तर टेरिटोरियल आर्मी आहे, ग्रॅज्युएट आणि नोकरी-धंदा असलेल्यांना ऑफिसरसाठी बेचाळीसपर्यंत अर्ज करता येतो, परीक्षा असते, वर्षातून थोडा काळ जायचं बाकी आपला धंदा. कोल्हापूरला टीएची मराठा बटालियन आहे. कुणी अडवलं नाही.

बोरिवली_फास्ट:
चव्वेचाळीस झाले साहेब. नाहीतर नक्की.

कडक_चहा:
😂😂 मुलगा किती वर्षांचा?

बोरिवली_फास्ट:
सतरा. जेईईचा क्लास चालूय कोट्याला. त्याचं वेगळं आहे.

चिंगीची_आई:
सगळ्यांच्याच पोरांचं वेगळं असतं हो.

बोरिवली_फास्ट:
ओके ओके, हसून घ्या. हवालदार साहेब, ते इएमईचं सिरियसली विचारतोय, मला सीएनसी मशीनवर दोन माणसं लागतात आणि येणारी पोरं तीन महिन्यांत पळतात. पंचवीसपासून सुरू करेन, राहायची सोय वसईला आहे. कुठे सांगायचं असतं?

सुभेदारांचा_बाळू:
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आधी, तिथं माजी सैनिकांची यादी असते. अग्निवीर बाहेर यायला अवकाश आहे, पण पंधरा-सतरा वर्षं करून आलेले नायक, हवालदार आत्तापण कामाच्या शोधात आहेत. पगार मात्र तिसावर न्या, घरदार असलेला माणूस येणार आहे.